दोन निळी झाकणं

ब्रेडच्या कडा कापायच्या की ठेवायच्या, यावरून त्या घरात रोज सकाळी आत्याचा उद्धार व्हायचा. भावाला कडा हव्या असत, वहिनीला नको असत, आणि भाचीला कोणत्या दिवशी काय हवं ते तिचं तिलाही ठाऊक नसे. मग आत्या काही तुकडे कडांसकट भाजायची, काही कडा कापून. कापलेल्या कडा एका वाटीत जमा करायची आणि सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभी राहून चहात बुडवून खायची. बसून खायला तिला कुणी मनाई केली नव्हती. फक्त टेबलाला खुर्च्या तीनच होत्या.

"वन्सं, आज पुन्हा करपवलात," वहिनी सुरीने काळं खरवडत म्हणाली. "एवढ्या लवकर निजता, तरी सकाळी डोळे उघडत नाहीत का?"

"उघडतील कसे?" भाऊ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "आपल्याकडे थोरल्या दोन. एक मागच्या शेडमधली, एक ही ओट्यापाशी. दोघी खातात-पितात, पण जागची हलायची म्हणून हलत नाहीत."

भाची फोनमध्ये बघत खुदकन हसली. आत्याही हसली. त्या घरात विनोद झाला की हसायचं असतं, तो कुणावर आहे हे नंतर बघायचं असतं, हे ती केव्हाच शिकली होती.

थोरली म्हणजे गाडी. भावाच्या तीन कॅराव्हॅन होत्या, आत पलंग, शेगडी, मोरी असलेल्या. सुट्ट्यांत कुटुंबंच्या कुटुंबं त्या भाड्याने घेऊन फिरायला जात. धाकटी आणि मधली कायम रस्त्यावर असत. थोरली मात्र दोन हंगाम घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सुरूच होत नव्हती. आणि तिच्यात आत्या राहत होती.

ही आत्या म्हणजे भावाची सख्खी मोठी बहीण. त्याला तिने कडेवर वाढवलं होतं, त्यामुळे अजूनही तिच्या तोंडात 'बाळा' यायचं. बाळाला आता मिशा होत्या, पोट होतं, नावाची पाटी होती. "गिऱ्हाइकांसमोर बाळा-बिळा करत जाऊ नकोस, ताई," त्याने एकदा बजावलं होतं. "सगळे मालक म्हणतात, तूही म्हण." त्या दिवसापासून गिऱ्हाइकं असली की आत्या त्याला कोणत्याच नावाने हाक मारत नसे. जवळ जाऊन उभी राहायची, त्याचं लक्ष जाईपर्यंत.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. घंटा असताना दार वाजवणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर त्याचे हात भरलेले असतात. आत्याने दार उघडलं. तिशीतला एक माणूस कोपराने दार वाजवत होता. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्या हातात पांढरा कॅन.

"मालक आहेत? थोरलीसाठी बोलावलंय मला. मिस्त्री."

आत्याच्या हातात लोणी लावायची सुरी होती. ती तशीच राहिली.

"या, या!" आतून भावाचा आवाज आला. "ताई, सांगायचं राहिलं बघ. सुट्टीत एका मोठ्या कुटुंबाला तिन्ही गाड्या हव्यात. थोरली उद्या सकाळी निघाली पाहिजे. तुझं चंबूगबाळं तेवढं काढून ठेव."

सांगायचं राहिलं, असं तो म्हणाला. वहिनीने चादरी धुऊन इस्त्री करून ठेवल्या होत्या, भाचीने गाडीचे जुने फोटो पुन्हा लोकांना दाखवायला टाकले होते. सगळ्या घराला माहीत होतं. सांगायचं राहिलं होतं ते एकटीला.

आत्या या घरात आली ती नवरा गेल्यावर. सासरच्यांनी तिला दोन पिशव्यांसकट फाटकाशी आणून सोडलं आणि आत येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या सासरीही तिच्या वाट्याला स्वतःचं असं काही आलं नव्हतं. लग्न नवं असताना सासूने त्यांच्या खोलीची आतली कडी काढून घेतली होती. 'आपल्या घरात कुणापासून काय लपवायचं?' असं म्हणाली होती ती. मग कुणीही केव्हाही दार ढकलून आत यायचं. कपडे बदलताना आत्या दाराला पाठ लावून उभी राहायला शिकली. ती सवय पुढे गेलीच नाही.

भावाकडे तिचं अंथरूण आधी भाचीच्या खोलीत होतं. भाची वयात आल्यावर तिला स्वतःची खोली हवीशी झाली, तेव्हा ते बैठकीत आलं. बैठकीत पाहुणे यायचे म्हणून जिन्याखाली गेलं. जिन्याखाली वहिनीचे चपला-बूट होते. "वन्संना काय, कुठेही टेकलं की झोप लागते. नशीबवान आहेत," असं वहिनी लोकांना कौतुकाने सांगायची.

थोरली पहिल्यांदा बंद पडली ती आपल्या दुखण्याने. या डिझेल गाड्यांना डिझेलखेरीज आणखी एक पाण्यासारखं औषध पाजावं लागतं, धूर विषारी निघू नये म्हणून. पंपावर, गॅरेजात सगळे त्याला युरियाच म्हणतात. त्याची टाकी वेगळी, झाकण वेगळं. हे औषध उन्हात जुनं झालं, पातळ झालं किंवा त्याचे पांढरे खडे धरून नळी चोंदली, की गाडीसमोर दिवा लागतो. मग एक आकडा येतो : आणखी एवढे किलोमीटर चालेन, त्यानंतर बंद केलंत तर पुन्हा सुरू होणार नाही. आकडा उतरत उतरत शून्यावर येतो, आणि मग इंजिन धडधाकट असलं तरी गाडी हूं की चूं करत नाही. थोरलीचं तसंच झालं. भावाने तिला लाथ घातली, चार जणांकडून ढकलून शेडमध्ये लावली आणि भाग मिळेपर्यंत राहू दे म्हणाला.

आत्या तिथे धूळ पुसायला गेली. दुपारची वेळ होती. पुसून झाल्यावर ती जरा टेकली, आणि तिचं लक्ष दाराकडे गेलं. आधीच्या कुणा मालकाने दाराला आतून एक छोटी पितळी कडी ठोकली होती. आत्याने ती सरकवली. टक असा आवाज झाला. बाहेरून वहिनीच्या हाका ऐकू येत होत्या, "वन्सं, अहो वन्सं!" हँडल खालीवर झालं, दार काही उघडलं नाही. आत्या पलंगावर उताणी पडली, पाय पसरले आणि छताकडे बघत राहिली. उत्तर द्यायलाच हवं असं नव्हतं. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

संध्याकाळी बोलणी खावी लागली, पण त्याच रात्रीपासून ती तिथे झोपू लागली. जिन्याखालची जागा मोकळी झाल्याने वहिनीनेही ताणून धरलं नाही.

भाग आला. म्हातारे मिस्त्री होते तेव्हा, कानावर बिडी ठेवणारे, शब्दाला जपणारे. त्यांनी गाडी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी ती सहलीला जायची होती. जायच्या आधी आतल्या टाकीत पिण्याचं पाणी भरणं हे आत्याचंच काम. तिन्ही गाड्यांची ती भरायची, युरियाही तीच भरायची, झाकणाची किल्ली तिच्याच जुडग्यात असायची. आता थोरलीची गंमत अशी, की पाण्याचं झाकण आणि युरियाचं झाकण दोन्ही एकाच बाजूला, वीतभर अंतरावर, आणि दोन्ही निळी. पाण्याच्या झाकणावर नळाचं चित्र होतं, पण आत्यानेच गाडी घासून घासून ते पुसून टाकलं होतं. संध्याकाळी उजेड कमी होता, मन थाऱ्यावर नव्हतं. तिने पाइप वीतभर अलीकडच्या तोंडात घातला आणि नळ सोडला. चूक कळली तेव्हा तिने पाइप झटकन ओढला, खाली सांडलेलं पुसलं आणि तोंड मिटून घेतलं.

सकाळी गाडी फाटकापर्यंत गेली आणि दिवा लागला. मग आकडा आला. गाडी मागे फिरली. गिऱ्हाइकांच्या बॅगा मधलीत गेल्या, भाऊ मिस्त्रींवर बरसला, आणि त्या रात्री आत्याने पुन्हा टक आवाज करून कडी लावली.

ती पहिली वेळ चुकून घडलेली होती. नंतरच्या नव्हत्या. म्हाताऱ्या मिस्त्रींनी टाकी रिकामी करून ताजा युरिया भरावा, सेन्सर बदलावा, आणि आत्याने आंघोळीच्या मगाने नळाचं पाणी त्यात ओतावं. मग दिवा, मग आकडा. शेवटी मिस्त्रींनी हात टेकले. "मालक, तुमच्या युरियात पाणी आहे," ते म्हणाले. "कुणीतरी घालतंय."

"घालतंय कोण ते मला कळत नाही होय?" भाऊ भर अंगणात ओरडला. "चांगला युरिया काढून विकायचा आणि वर नळ सोडायचा! या वयात चोऱ्या करतोस, लाज नाही वाटत?"

आत्या तेव्हा दोन हात अंतरावर उभी होती, मिस्त्रींसाठी चहाचा कप घेऊन. म्हाताऱ्याने भावाकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. तिच्या कमरेच्या जुडग्याकडे बघितलं. तिने कप पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. अवजारं गोळा केली आणि गेले. नंतर ऐकू आलं, की चोर म्हटल्याचा बभ्रा झाल्यावर गावात त्यांना कुणी गाडीला हात लावू देईना. आत्याने ते ऐकलं, आणि त्या रात्रीही कडी लावूनच झोपली. झोप लागली का, हे तिला कुणी विचारलं नाही.

आता हा नवा मिस्त्री शेडमध्ये उकिडवा बसून थोरलीला आपलं यंत्र जोडत होता. यंत्राच्या पडद्यावर रेघा येत होत्या. आत्या त्याच्यामागे उभी राहिली.

"आत्या ना तुम्ही? सगळे आत्याच म्हणतात म्हणून विचारलं. थोडं गरम पाणी मिळेल? युरियाचे खडे गरम पाण्यानेच विरघळतात."

तिने जुडग्यातल्या किल्लीने झाकणाचं कुलूप काढून दिलं आणि पाणी आणलं. तोवर त्याने युरियाचं निळं झाकण उघडून आत नळी घातली होती. एक थेंब काढून एका छोट्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर ठेवला आणि डोळ्याला लावून उजेडाकडे धरला. बराच वेळ बघत राहिला. मग नळी पुसली, खिशात ठेवली.

भाऊ फोनवर होता, वहिनी आत होती. आत्याने चटकन आजूबाजूला बघितलं.

"मिस्त्री, पंप गेलाय म्हणून सांगा."

"पंप चांगला आहे की."

"ते माहीत आहे मला. तरी सांगा. भाग मिळत नाही म्हणा. माझा भाऊ उगाच एवढा खटाटोप करायचा नाही, या गाडीवाचून त्याचं अडलेलं नाही."

"आणि तुमचं?"

आत्याने पायरीवर चढून दार ओढून घेतलं. आतून टक आवाज आला. क्षणभराने पुन्हा टक झालं आणि दार उघडलं. ती दारात उभी होती, परीक्षा दिल्यासारखी.

"ही लावली की बाहेरचं कुणी आत येत नाही," ती म्हणाली. "बस, एवढंच. माझं वय झालंय. अजून थोडी वर्षं फक्त. तुम्ही माझ्या मुलासारखे आहात."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. नजर मऊ होती, निदान तिला तशी वाटली.

"बघतो, आत्या," तो म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका."

आत्याला हलकं वाटलं. दुपारी तिने त्याच्या ताटात सगळ्यांआधी वाढलं, घट्ट दही वाढलं, वहिनीने डोळे वटारले तरी पुन्हा वाढलं. आज टेबलाला चौथी खुर्ची आली होती, ती त्याच्यासाठी. आत्या ओट्याशी उभी होती.

"मग, काय निघालं?" भावाने विचारलं.

मिस्त्रीने शेवटचा घास खाल्ला, पाणी प्यायला, तोंड पुसलं. त्याला घाई नव्हती.

"पंप गेलाय असं सांगायला सांगितलंय मला."

"कुणी?"

"आत्यांनी." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पंप चांगला आहे. टाकीत निम्म्याहून जास्त नळाचं पाणी आहे. सकाळी थेंब बघितला तेव्हाच कळलं. त्या काय म्हणतात ते ऐकायचं होतं, म्हणून थांबलो."

भाचीने फोन खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मागे तुमच्याकडे एक म्हातारे मिस्त्री यायचे," तो पुढे म्हणाला. "ते माझे सासरे. तुम्ही त्यांना चोर म्हणालात. आता ते घरात भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तुमचा फोन आला तेव्हा हातातली कामं टाकून आलो मी. मालक, त्यांची एकदा माफी मागा, माझं बाकी काही म्हणणं नाही."

भावाने खुर्ची मागे सरकवली. आत्याला वाटलं, आता हा उठेल, ओरडेल. पण तो हसायला लागला. पोट हलेपर्यंत हसला.

"अरे, माझ्या लक्षातच आलं नाही! हिला चहात साखर किती हे कळत नाही, आणि हिने तीन वेळा गाडी बसवली? ताई, तू तर मोठी इंजिनिअर निघालीस की!"

"आणि आम्ही समजत होतो, वन्सं गरीब गाय," वहिनीने री ओढली. "बघा बाई! टाकीत पाणी ओतून रात्रंदिवस कारस्थान. आपण खाऊ घालायचं आणि यांनी आपल्याच चाकात खीळ घालायची."

"पण आत्या, का?" भाचीने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

उत्तर मिस्त्रीने दिलं. "दाराला आतून कडी आहे म्हणून."

यावर मात्र सगळे हसले. वहिनीला तर ठसका लागला. "कडी? या वयात? कोण येणार आहे हो तुमच्याकडे, वन्सं?"

आत्यासुद्धा सवयीने हसायला गेली. पण चेहरा अर्ध्यावरच अडकला, आणि तो तसा अडकलेला सगळ्यांना दिसला.

"आणि माझे सासरे?" मिस्त्रीने पुन्हा विचारलं.

"त्यांची काय माफी? मी काय मुद्दाम केलं? हिने केलं. मागायची तर ही मागेल." भावाने हात झटकले. "आधी गाडी. ताई, बिघडवलीस तू, नीट करायची तूच. मिस्त्री, तुम्ही फक्त सांगायचं. हात तिचे."

मिस्त्री खुर्चीवरून उठला. त्याला हवं होतं ते त्याला मिळालं नव्हतं, आणि जे मिळत होतं ते बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुपारभर आत्या गाडीखाली होती. टाकीतलं पाणी तिनेच बादल्यांत काढलं. चोंदलेली नळी तिच्याच हातात दिली गेली. तोंडाशी पांढरे खडे जमले होते, भिंतीला मीठ फुटावं तसे.

"ब्रश लागेल एखादा जुना," मिस्त्री म्हणाला.

"तिचाच आणा, गाडीतच आहे," भाऊ म्हणाला. "नवा कशाला वाया घालवायचा?"

वहिनीने आतून आत्याचा दात घासायचा ब्रश आणून दिला. आत्या त्याने खडे घासू लागली, गरम पाण्यात बुडवून, पुन्हा घासून. हाताला पांढरा चिकटा लागला. भाची पायरीवर बसून फोनने चित्रण करत होती. गाडी किती निगुतीने साफ होते हे लोकांना दाखवायचं होतं.

"आत्या, जरा इकडे बघ ना. हस की."

आत्याने बघितलं.

"अं, नको. खालीच बघ. हातच चांगले दिसतायत."

ताजा युरिया भरताना दोन्ही निळी झाकणं समोर आली. भावाने रंगाचा डबा आणवला आणि तिच्याच हाताने युरियाच्या झाकणावर लाल पट्टा मारून घेतला. "आता चूक झाली तर डोळे गेले असं समजू," तो म्हणाला. मग त्याने तिच्या कमरेच्या जुडग्यातून ती बारकी किल्ली स्वतः काढून घेतली. किल्ली काढायला वेळ लागत होता, जुडग्याची कडी घट्ट होती. आत्या हात वर धरून उभी राहिली, झडती दिल्यासारखी.

मिस्त्रीने यंत्रावरून आकडा मोकळा केला, किल्ली फिरवली. थोरली खाकरली, थरथरली आणि सुरू झाली. शेडच्या पत्र्यावरची धूळ खाली पडली.

"जरा फिरवून आणायला हवी," मिस्त्री म्हणाला. "चालल्यावरच दिवा विझतो."

"चल ताई, बस पुढे," भावाने दार उघडून धरलं. "दोन हंगाम राहिलीस गाडीत, एकदाही फिरली नाहीस. आज हौस भागव."

ते मात्र खरं होतं. या गाडीत ती झोपली होती, आजारी पडली होती, एकटीने रडली होती, पण ही गाडी तिच्यासकट कधी हलली नव्हती. आता भाऊ चालवत होता, मिस्त्री मागे बसला होता; गाडी हमरस्त्यावर आली आणि मागे सगळं खडखडू लागलं. आत्याने काही बांधून ठेवलं नव्हतं. घर हलेल असं कोण धरून चालतं? तिचा तेलाचा डबा घरंगळला, पेला फुटला, चष्म्याची डबी कुठेतरी टप्पा खात गेली. तिने मागे वळून बघितलं.

"मागे काय बघतेस? पुढे बघ. काय लिहिलंय तिथे, वाच."

"दिवा आहे."

"पिवळा ना? बघत राहा. गेला की सांग."

बराच वेळ ती त्या दिव्याकडे बघत राहिली. देवाजवळच्या दिव्याकडेही तिने इतक्या आशेने कधी बघितलं नव्हतं. हा विझू नये, एवढंच तिच्या मनात होतं. एका वळणावर तो मिटला.

"गेला?"

तिने मान खिडकीकडे वळवली.

"ताई, विचारतोय मी. काय दिसतंय?"

"काही नाही."

"मोठ्याने. मागे मिस्त्रींना ऐकू गेलं पाहिजे."

"काही नाही," आत्या मोठ्याने म्हणाली.

परत आल्यावर वहिनीने आतलं सामान बाहेर काढून ठेवलं. फार नव्हतंच. भावाने स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि दाराची पितळी कडी खोलली. "गिऱ्हाइकांची पोरं आतून लावून घेतील, नसती भानगड," असं म्हणून त्याने ती भंगाराच्या डब्यात टाकली. मिस्त्री आपली पेटी बंद करत होता. जाताना तो आत्यापाशी थांबला.

"सासऱ्यांना काय सांगू?"

आत्याने खूप विचार केला. "त्या दिवशीचा चहा गार झाला म्हणावं," ती शेवटी म्हणाली. "मी तो ओतला नाही, झाकून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत."

मिस्त्रीला हे माफीसारखं वाटलं नाही. तो पेटी उचलून गेला.

आत्याची सोय धुण्याच्या खोलीत झाली. तिथे कपडे धुवायचं यंत्र होतं, वर दोऱ्या होत्या, खाली घडीची खाट मावत होती. यंत्राचा पाइप दारातून मोरीत जायचा, त्यामुळे दार कधी पुरतं लागत नसे. ज्याला वाटेल तो येऊन मळके कपडे टाकून जायचा. ती खाट टाकत असतानाच भाची आली, न बघता एक पायजमा तिच्या अंगावर टाकून गेली. मग वहिनी मोजे घेऊन आली. आत्या दाराला पाठ लावून उभी राहिली, पण दार पाठीवर येऊन आदळलं.

"अहो, सरका ना वन्सं, घर काय तुमच्या एकटीचं आहे?"

संध्याकाळी भाऊ थोरलीच्या काचेवर उद्याच्या गिऱ्हाइकांसाठी स्वागताचा फलक चिकटवत होता. आत्या येऊन त्याच्याजवळ उभी राहिली, गिऱ्हाइकं असल्यावर राहायची तशी. अंगणात दुसरं कुणीच नव्हतं.

"आता काय?" तो म्हणाला. "आणखी काही हवंय का? एकदाच काय ते बोल. रोज रोज नको."

आत्याने मूठ उघडली. भंगाराच्या डब्यातून काढलेली पितळी कडी तिच्या तळहातावर होती, घासून लख्ख केलेली, स्क्रूसकट.

"मालक," ती म्हणाली, "धुण्याच्या खोलीतला पाइप मी खिडकीतून काढलाय. दार आता पुरतं लागतं. त्याला आतून ही एवढी बसवून द्या."